ग्रहणातला चंद्र 2.8 सेंटिमीटरवर: गच्चीवरच्या प्रकल्पाच्या नोंदी

13 जुलै 2025

7 सप्टेंबरच्या रात्री, भाद्रपद पौर्णिमेला, खग्रास चंद्रग्रहण आहे आणि संगमनेरहून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसणार आहे. स्पर्श (गडद सावली लागायला सुरुवात) रात्री 9:57, संमीलन (चंद्र पूर्ण सावलीत) 11:01, मध्य 11:42, उन्मीलन (सावलीतून बाहेर पडायला सुरुवात) 12:23, मोक्ष (सावलीतून पूर्ण सुटका) 1:27. खग्रास अवस्था 82 मिनिटांची. चंद्र आकाशात चांगला उंच, ग्रहणमध्याला साठ अंशांच्या वर. एवढं सगळं जुळून आलं असताना अडचण एकच, ती म्हणजे पावसाळा. दुर्बिणीच्या भरवशावर राहिलो तर रात्रभर ढगच बघत बसावं लागेल. म्हणून या वेळी ढगांतूनही येणाऱ्या रेडिओ लहरी.

मला जे मोजायचं आहे ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भरकटायला नको. ग्रहणात चंद्राचं ऊन काही तासांसाठी तुटतं. तिथे हवा नाही, त्यामुळे जमीन झपाट्याने थंड होते. 14 जून 1927 च्या ग्रहणात एडिसन पेटिट आणि सेथ निकोल्सन यांनी माउंट विल्सन वेधशाळेतून थर्मोकपल (उष्णता मोजणारं उपकरण) वापरून ही घसरण मोजली होती. खंडग्रास अवस्थेतच तापमान 342 केल्विनवरून 175 वर आलं आणि खग्रास संपेपर्यंत 156 वर पोचलं. म्हणजे 69 अंश सेल्सिअसवरून उणे 117. हे अवरक्त किरणांनी मोजलेलं तापमान, अगदी वरच्या कातडीचं. रेडिओ लहरी मात्र जमिनीच्या आतून निघून येतात. तर डीटीएचच्या छत्रीने पाहिलं तर ही घसरण दिसेल का, आणि नाही दिसली तर त्यातून काय कळेल?

20 जुलै

सामान जमलं. 90 सेंटिमीटरची जुनी छत्री केबलवाल्या काकांकडून मिळाली. थोडी पोचलेली होती, मागून हलक्या हाताने ठोकून सरळ केली. युनिव्हर्सल एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर दांडीवर बसणारा, सिग्नल पकडून वाढवणारा डबा, नवा घेतला. त्यापुढे बायस-टी (एलएनबीला केबलमधूनच वीज देणारा जोड), मग स्वस्तातला यूएसबी एसडीआर (लॅपटॉपला जोडायचा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप. छत्री पूर्व-पश्चिम आणि वर-खाली फिरावी म्हणून वेल्डरकडून लोखंडी पाइपचा स्टँड करून घेतला, त्यावर कोनमापक चिकटवले.

वारंवारता ठरवायला वेळ घेतला. 10.68 ते 10.70 गिगाहर्ट्झ हा पट्टा जगभर रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे. त्यात कोणीही प्रक्षेपण करायचं नाही असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आमचा एलएनबी 9.75 गिगाहर्ट्झ वजा करून उरलेलं खाली पाठवतो, म्हणजे हा पट्टा केबलमध्ये 930 ते 950 मेगाहर्ट्झवर येतो आणि तिथे एसडीआर सहज ऐकतो. लहरीची लांबी 2.8 सेंटिमीटर.

27 जुलै

930 ते 950 मेगाहर्ट्झवर छत्री काढून टाकली तरी जोरदार सिग्नल येत होता. आकाश राखीव असलं तरी जमिनीवर याच वारंवारतेला मोबाइलचा 900 चा पट्टा चालतो आणि टॉवर समोरच्याच इमारतीवर आहे. तो सिग्नल एसडीआरच्या प्लास्टिकच्या खोक्यातून थेट आत शिरत होता. पुतणी बारावीला आहे, प्रकल्पात पहिल्या दिवसापासून सोबत आहे. तिने स्वयंपाकघरातून झाकणाचा स्टीलचा डबा आणला. एसडीआर आणि बायस-टी त्यात, केबल जाण्यापुरतं भोक, झाकणाच्या फटीला तांब्याची टेप, यूएसबी वायरीवर गोंगाट अडवणारं फेराइटचं कडं. टॉवरचा सिग्नल जवळजवळ दिसेनासा झाला. केबलही दुहेरी शील्डची घातली.

3 ऑगस्ट

सकाळी तासभर ऊन पडलं, तेवढ्यात सूर्य घेतला. या कामात सूर्याचा मोठा आधार आहे: आकाराने चंद्राएवढाच दिसतो आणि या लहरीवर चंद्राच्या पन्नासेक पट तेजस्वी आहे. छत्री ऑफसेट जातीची, म्हणजे तिचं तोंड जिकडे दिसतं तिकडे ती पाहत नाही. एलएनबीच्या दांडीची सावली बघत नेम लावला, मग छत्री जागेवर घट्ट केली आणि सूर्याला स्वतःहून समोरून जाऊ दिलं. यालाच ड्रिफ्ट स्कॅन म्हणतात. आलेख सुरेख घंटेच्या आकाराचा आला. त्याच्या अर्ध्या उंचीवरची रुंदी साधारण 2.1 अंश, म्हणजे हिशेबाशी जुळणारी.

आता चंद्राचा अंदाज. 2.1 अंशांच्या बीममध्ये (छत्रीला एका वेळी दिसणाऱ्या आकाशाच्या तुकड्यात) अर्ध्या अंशाचा चंद्र जेमतेम सोळावा हिस्सा व्यापतो. चंद्राचं रेडिओ तापमान, म्हणजे लहरींच्या जोरावरून काढलेलं तापमान, या लहरीवर 210 ते 230 केल्विनच्या घरात असतं. छत्रीची कार्यक्षमता धरली तर चंद्र समोर आल्यावर आपल्याला फक्त सहाएक केल्विनची वाढ दिसेल. आणि आपल्या यंत्राचा स्वतःचा गोंगाट सुमारे 100 केल्विन. तरी हे जमण्यासारखं आहे, कारण 2 मेगाहर्ट्झ रुंदीवर दहा सेकंदांची सरासरी घेतली की गोंगाटाचा चढउतार केल्विनच्या शंभराव्या भागांत येतो. खरा प्रश्न एलएनबीच्या हळूहळू सरकण्याचा. गार वारा सुटला की त्याचं सिग्नल वाढवण्याचं प्रमाण बदलतं आणि ती सरक चंद्राएवढीच मोठी असू शकते. म्हणून चंद्रावर छत्री धरून बसायचं नाही. चंद्र यायच्या आधीचं आकाश, चंद्र, आणि गेल्यानंतरचं आकाश असं तिन्ही एकाच स्कॅनमध्ये हवं. चंद्राला बीम ओलांडायला नऊ मिनिटं, दोन्ही बाजूचं मोकळं आकाश धरून एक स्कॅन पंचवीस मिनिटांचा.

9 ऑगस्ट

राखी पौर्णिमा. चंद्र सापडला! रात्री अकराच्या सुमाराला पातळ ढगाआडून तो डोळ्यांना नुसता पुसट उजेड वाटत होता, आणि लॅपटॉपवर रेष संथपणे वर चढली, माथ्यावर आली, उतरली. पुतणीने "काका, हा चंद्रच ना?" असं दोनदा विचारलं. खात्री करायला छत्री तशीच पुढे सरकवून पुन्हा स्कॅन घेतला. रेष पुन्हा तशीच चढली, चंद्राच्या नेमक्या वेळेला.

या रेषेकडे बघताना मला जे वाटलं ते लिहून ठेवायला हवं. हा उजेड सूर्याचा परावर्तित नाही. चंद्राची माती स्वतः गरम आहे म्हणून ती ही लहर सोडते. अमावास्येलाही हा चंद्र जवळजवळ असाच दिसेल.

17 ऑगस्ट

सप्टेंबरच्या रात्रीचा मार्ग कागदावर काढला आणि एक गंभीर गोष्ट समोर आली. राखीच्या चंद्राला ही अडचण नव्हती, कारण तो बराच दक्षिणेला होता. ग्रहणाच्या रात्री चंद्र आमच्याकडून पाहता खगोलीय विषुववृत्ताच्या साडेसहा अंश दक्षिणेला असेल. आणि भूस्थिर उपग्रहांची, म्हणजे आकाशात कायम एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहांची, माळ संगमनेरहून साडेतीन अंश दक्षिणेला दिसते. म्हणजे चंद्र रात्रभर उपग्रहांच्या माळेखालून, तीन अंशांच्या अंतराने सरकणार. ग्रहणमध्याच्या आसपास तो 83 अंश पूर्वेवरच्या जीसॅट उपग्रहांच्या बरोबर खाली असेल आणि साडेबाराच्या सुमारास 74 अंशांच्या खाली. बीम मुख्यतः 2.1 अंशांचा असला तरी त्याच्या कडेला साइडलोब, म्हणजे बाजूनेही थोडा सिग्नल घेणारे भाग, असतातच, आणि हे उपग्रह घराघरात चित्र पोचवण्याएवढे जोरकस आहेत.

दोन दिवस यावर विचार केला. राखीव पट्ट्यात उपग्रहांनी बोलायचं नाही हा पहिला आधार. पण त्याहून पक्का आधार ड्रिफ्ट स्कॅनमध्येच आहे. स्कॅन चालू असताना छत्री स्थिर असते. भूस्थिर उपग्रहही स्थिर. म्हणजे त्यांच्याकडून साइडलोबमधून जे काही गळेल ते पूर्ण पंचवीस मिनिटं सारखंच राहील, आलेखाच्या तळाशी एक सपाट थर म्हणून. हलणारी वस्तू एकच: चंद्र. तळ वजा केला की उरतो तो त्याचाच.

हीच मापणी चंद्राचा पाठलाग करत केली असती तर छत्री प्रत्येक क्षणी वेगळ्या उपग्रहाजवळून गेली असती आणि चढउतारांचा अर्थच लागला नसता.

24 ऑगस्ट

अपेक्षा काय ठेवायची याचा हिशेब ग्रहणाआधीच मांडून ठेवतो.

जमिनीत उष्णतेची लाट किती खोल जाते ते तापण्या-निवण्याच्या काळाच्या वर्गमुळावर ठरतं. चंद्राचा दिवस-रात्र मिळून काळ 29.5 दिवस, म्हणजे 708 तास. ग्रहण उपच्छायेसकट (पृथ्वीच्या बाहेरच्या फिक्या सावलीसकट) साडेपाच तासांचं. गुणोत्तर 130 च्या जवळ, वर्गमूळ अकरा. चंद्राच्या मातीत दिवस-रात्रीची लाट पाचसहा सेंटिमीटर मुरते, तर ग्रहणाची लाट त्याच्या अकराव्या भागाएवढी, अर्धा सेंटिमीटर.

आणि 2.8 सेंटिमीटरची रेडिओ लहर? चंद्राच्या कोरड्या मातीत ती लहरीच्या लांबीच्या दहा-बारा पट खोलीवरून बाहेर येते, म्हणजे तीसेक सेंटिमीटरवरून. तीस सेंटिमीटरमधला वरचा अर्धा सेंटिमीटर 150 अंशांनी जरी थंड झाला तरी एकूण रेडिओ तापमानात दोनतीन केल्विनचीच घट येईल. 220 पैकी दोनतीन, म्हणजे एक टक्का.

आमच्या छत्रीची अचूकता पाच टक्क्यांपर्यंत नेता आली तर मी समाधानी असेन. म्हणजे उत्तर "बदल दिसला नाही" हेच असणार. पुतणी यावर जरा हिरमुसली. तिला पेटिट-निकोल्सनसारखी खाली कोसळणारी रेष हवी होती. मी तिला सांगितलं की या दोन रेषा शेजारी ठेवल्या की मगच चंद्राची जमीन कळते. अवरक्तात कोसळते, रेडिओत हलत नाही. वरचा पापुद्रा एवढा झटपट निवतो याचाच अर्थ आतली उष्णता त्याच्या मदतीला वर येऊ शकत नाही. घट्ट खडक असता तर ती आली असती. म्हणजे चंद्रावर बारीक, सैल, हवेविना सुटी पडलेली धूळ आहे, आणि ती गोधडीसारखी काम करते.

हे माणूस तिथे जाण्याच्या वीस वर्षं आधी लोकांनी असंच बसून ओळखलं होतं. 1949 साली ऑस्ट्रेलियात पिडिंग्टन आणि मिनेट यांनी 1.25 सेंटिमीटरवर चंद्र कलेकलेने मोजला. रेडिओ तापमान सरासरी 239 केल्विन, चढउतार सरासरीच्या वर-खाली फक्त 40 केल्विनचा, आणि कमाल पौर्णिमेला नव्हे तर त्यानंतर सुमारे साडेतीन दिवसांनी. उशीर झाला, कारण उन्हाची ऊब मातीत उतरायलाच तेवढा वेळ लागतो. मला रेडिओ खगोलशास्त्रातलं हे सगळ्यात देखणं मापन वाटतं.

31 ऑगस्ट

घरात गौरी आल्या, त्यामुळे गच्चीवर जायला संध्याकाळच मिळाली. पावसाची चाचणी घेतली. रेडिओला ढगांचा अडथळा नाही असं आपण सहज म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. चंद्राची लहर ढगातून येते हे खरं, पण ढगातलं पाणी स्वतःही लहरी सोडतं. जाड ढग वरून गेला तर दोनतीन केल्विनची भर पडते, म्हणजे चंद्राच्या निम्मी. प्रत्यक्ष सर आली तर चंद्र पूर्ण बुडतो. आणि एलएनबीच्या टोपीवर थेंब बसले की पाऊस थांबल्यावरही आकडे चढेच राहतात. उपाय साधा: सुती फडकं हाताशी, आणि एलएनबीवर छोटं छप्पर.

6 सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. गावात विसर्जन मिरवणुका, गच्चीवर फक्त यंत्रं तपासली. हॉट-कोल्ड मापणी, म्हणजे गरम आणि थंड लक्ष्य पाहून यंत्राचा गोंगाट काढणं, दोनदा घेतली: एकदा छत्री भिंतीकडे (सुमारे 300 केल्विन), एकदा डोक्यावरच्या मोकळ्या आकाशाकडे. यंत्राचा गोंगाट पहिल्यासारखाच. लॅपटॉप इन्व्हर्टरवर घेतला.

7 सप्टेंबर, ग्रहणाची रात्र

रात्री 8:20. पहिला स्कॅन, ग्रहणापूर्वीचा. चंद्र पंचवीस-तीस अंशांवर, पूर्वेला ढगांचे तुकडे. माथा स्वच्छ आला. हा आजचा संदर्भ.

9:15. उपच्छाया लागलेली आहे, डोळ्यांना काही फरक नाही. दुसरा स्कॅन. आईने दुपारपासून वेध पाळले आहेत. पाण्याच्या कळशीत तुळशीपत्र टाकून ती जप करत गच्चीच्या जिन्यात बसली आहे. तिला विचारून खालचा दिवा बंद केला.

10:20. खंडग्रास. चंद्राचा डावा भाग खाल्ला गेलाय. याच वेळी वायव्येकडून काळा ढग आला आणि चार थेंब पडले. स्कॅनच्या मधोमध रेष दोनदा उडाली. एलएनबी पुसला. हा स्कॅन निकालात धरणार नाही.

11:08. खग्रास सुरू झालंय. ढग फाटले आणि तांबूस चंद्र दिसला, आईही वर आली. स्कॅन चालू.

11:36. ग्रहणमध्याचा स्कॅन, माळेखालचा. तळ नेहमीपेक्षा किंचित वर आहे पण सपाट आहे, जसा असायला हवा तसा. 11:49 ला माथा. पुतणीने स्क्रीनवर पट्टी लावून पाहिली आणि म्हणाली, "काका, तेवढाच आहे." डोक्यावर चंद्र तपकिरी-लाल, उजेड इतका कमी की त्याच्या शेजारचे तारे स्पष्ट. त्या जमिनीवर या क्षणी उणे शंभरच्या खाली थंडी आहे. आणि तिच्या खालची माती अजून पहिल्यासारखीच.

12:05 नंतर खग्रासातला शेवटचा स्कॅन. 12:50 ला मोक्षाकडे जाणारा एक. मग हवा दमट झाली, एलएनबी पुन्हा पुसला.

2:35. उपच्छायाही संपली. ग्रहणानंतरचा संदर्भ स्कॅन. चंद्र पश्चिमेकडे कलला तरी पन्नासच्या वर. शेवटी पुन्हा हॉट-कोल्ड. साडेतीनला आवरलं.

8 सप्टेंबर

झोप. फाइलींच्या तीन प्रती.

14 सप्टेंबर

विश्लेषण झालं. प्रत्येक स्कॅनच्या दोन्ही टोकांवरून सरळ रेष काढून तळ वजा केला, उरलेल्यावर सूर्याकडून मिळालेला बीमचा आकार बसवला, माथ्याची उंची घेतली. उंचीनुसार हवेतल्या शोषणाची दुरुस्ती केली. या लहरीवर ती लहान आहे, पण पहिला स्कॅन खालच्या आकाशातला असल्यामुळे गरजेची.

ग्रहणापूर्वीचा, खग्रासातले आणि ग्रहणानंतरचा हे सगळे माथे पाच टक्क्यांच्या आत एकमेकांशी जुळतात. कुठल्याही दिशेचा कल नाही. निरपेक्ष तापमान 200 केल्विनच्या आसपास येतं, दोन्हीकडे तीसेकची शंका धरून. ही शंका मुख्यतः छत्रीच्या कार्यक्षमतेची आहे. ग्रहणाच्या प्रश्नाला ती बाधत नाही, कारण तिथे आम्ही चंद्राची तुलना त्याच रात्रीच्या चंद्राशी करतोय.

काय म्हणता येतं आणि काय नाही, हे नेमकं लिहितो. 2.8 सेंटिमीटरवर चंद्राचं तापमान ग्रहणात दहा-अकरा केल्विनपेक्षा जास्त घसरलं नाही, हे आम्ही मोजलं. ते एक टक्क्याने घसरलं की अजिबात नाही, हे या छत्रीला सांगता येणार नाही. लहर आखूड केली तर चित्र बदलतं: 1950 च्या दशकात विल्यम सिंटन यांनी 1.5 मिलिमीटरवर ग्रहण पाहिलं तेव्हा घसरण स्पष्ट दिसली, कारण ती लहर पृष्ठभागाच्या जवळूनच येते. लहर लांब करत गेलो तर आपण खोल जातो. प्रत्येक लहर म्हणजे एका खोलीचा थर.

21 सप्टेंबर

पुतणीने कॉलेजच्या प्रकल्पवहीसाठी तीन पुरावे एका पानावर मांडले. पहिला 1927 ची अवरक्त घसरण. दुसरा आमची सपाट रेष. तिसरा चांद्रयान-3. ऑगस्ट 2023 मध्ये विक्रम लँडरवरच्या 'चास्टे' उपकरणाने दक्षिण ध्रुवाकडच्या भागात, 69 अंश दक्षिणेला, दहा सेन्सर असलेली सळई मातीत दहा सेंटिमीटरपर्यंत खुपसली. इस्रोने 27 ऑगस्टला जो आलेख दिला त्यात पृष्ठभागाजवळ सुमारे 50 अंश सेल्सिअस आणि आठ सेंटिमीटर खाली उणे दहा. वितीपेक्षा कमी खोलीत साठ अंशांचा फरक! आम्ही चार लाख किलोमीटरवरून जे अप्रत्यक्ष वाचत होतो ते त्या सळईने हात लावून सांगितलं.

चौथा पुरावा मी घालायला लावला, कारण तो फारसा कोणाला माहीत नसतो. 1960 च्या दशकात गॉर्की शहरात, आजच्या निझ्नी नोव्हगोरोदमध्ये, त्रोइत्स्की आणि क्रोतिकोव यांनी चंद्राची तुलना दूर उभारलेल्या काळ्या तबकडीशी केली; तिला ते कृत्रिम चंद्र म्हणत. माझ्याकडे जी निरपेक्ष शंका तीस केल्विनची आहे ती त्यांनी या युक्तीने टक्क्या-दोन टक्क्यांवर आणली. मग त्यांना दिसलं की लहर जितकी लांब तितका चंद्र जास्त उबदार. म्हणजे खोल जावं तशी ऊब वाढते, चंद्राच्या पोटातून उष्णता वर येते. अपोलो 15 आणि 17 च्या अंतराळवीरांनी भोकं पाडून तापमापक पुरले ते त्यानंतर, 1971 आणि 1972 मध्ये.

काळी तबकडी आम्हालाही करता येईल. शेताच्या पलीकडची टेकडी त्याला सोयीची आहे, फक्त तबकडीचं तापमान सारखं राहील अशी वेळ निवडावी लागेल.

28 सप्टेंबर

पुढचं. 3 मार्च 2026 ला, फाल्गुन पौर्णिमेला, पुन्हा खग्रास आहे, पण आपल्याकडे चंद्र ग्रस्तोदित, म्हणजे ग्रहण लागलेलाच उगवणारा, असेल आणि उगवल्यावर काही मिनिटांतच 6:47 ला मोक्ष. क्षितिजाजवळ या छत्रीने काही साधणार नाही. खरी संधी 31 डिसेंबर 2028 च्या रात्री, ग्रहणमध्य 10:22 ला. हिवाळ्याचं कोरडं आकाश, आणि चंद्र 23 अंश उत्तरेला, उपग्रहांच्या माळेपासून पूर्ण बाजूला. तोवर मोठी छत्री आणि, जमलं तर, आखूड लहरीचा रिसीव्हर.

त्याआधी कलेकलेची मापणी सुरू करतोय. पावसाळा सरला की कोजागरीपासून पुढे जमेल त्या रात्री, आणि दिवसाही चंद्र वर असेल तेव्हा, सूर्य लांब असल्याची खात्री करून. 2.8 सेंटिमीटरवर चढउतार पिडिंग्टन-मिनेट यांच्यापेक्षा लहान असणार, म्हणून आधी काळी तबकडी. पुतणीने टेकडीवरच्या जागेची मोजमापं आणलीत. पत्रा आणि काळा फोम शनिवारी आणायचा आहे.